वन सिक्स्टी फायला एक आहे

ज्या खेळात १०० जण उतरतात आणि ९६ हरतात, त्या खेळात ‘आपण सुधारतोय’ असं म्हणायला छाती लागते. बीजीएमआयमध्ये, म्हणजे बहुतेकांच्या तोंडी अजूनही ‘पबजी’च असलेल्या खेळात, चौघाचौघांच्या २५ टोळ्या विमानातून बेटावर उड्या मारतात आणि शेवटी एकच उरते. सगळे अगदी समान ताकदीचे आहेत असं धरलं, तरी २५ मॅचमागे एक विजय तुमच्या वाट्याला येणार. उरलेल्या २४ मॅच कोण चुकलं यावर चर्चा करण्यासाठी आहेत. हा खेळ मराठी माणसाला इतका का मानवला, याचं उत्तर मला या हिशोबात सापडतं.

खेळाचं कूळ थोडक्यात सांगतो. कल्पना ब्रेंडन ग्रीन या आयरिश माणसाची. २०१७ मध्ये खेळ संगणकावर आला, २०१८ मध्ये मोबाइलवर, आणि आपल्याकडे दुपारी जिन्यात बसणाऱ्या मुलांची संख्या वाढली. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने बंदी घातली. २ जुलै २०२१ रोजी ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ असं नाव लावून तो परतला. येताना रक्ताचा रंग हिरवा करून आला आणि ‘किल’ टाकून ‘फिनिश’ घेऊन आला. त्यामुळे आमच्या सोसायटीतली मुलं आता एकमेकांना मारत नाहीत, संपवतात. २०२२ च्या जुलैत तो पुन्हा गायब झाला आणि २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा उगवला. मधल्या काळात कुणाचे मार्क वाढल्याचं निदान आमच्या जिन्यात तरी कुणी ऐकलेलं नाही.

या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच, की भाच्याच्या स्क्वाडमध्ये चौथा कमी पडला की तो मला बोलावतो. भाचा पुण्यात इंजिनीअरिंगला आहे. टोळीचा पुढारी तोच. त्या पदाला ‘आयजीएल’ म्हणतात. दुसरा इचलकरंजीचा, धाडसी आणि अल्पायुषी. तिसरी नाशिकची त्यांची वर्गमैत्रीण. ती बोलते कमी आणि तिचा नेम चुकत नाही, त्यामुळे तिघांपैकी मी तिचंच ऐकतो. चौथा मी. माझ्या वयाचा माणूस स्क्वाडमध्ये आहे हे विरोधी टोळ्यांना कळत नाही, ही या खेळातली समानता मला फार आवडते.

सुधारायचं ठरलं की माणूस पहिल्यांदा सेटिंगमध्ये शिरतो. नामवंत खेळाडूंचे सेन्सिटिव्हिटी कोड मिळतात. ते आपल्या फोनमध्ये घातले की बोट किती सरकवलं तर बंदूक किती वळते, हे सगळं त्या खेळाडूच्या मापाचं होतं. कोडाबरोबर त्याची बोटं येत नाहीत, एवढीच अडचण. इचलकरंजीकराने असे इतके कोड बदलले की त्याच्या बंदुकीला आता स्वतःचं मत आहे. मग येतो ‘क्लॉ’. दोन अंगठ्यांनी खेळणारा तो गावंढळ. सुधारलेला माणूस तर्जन्या वाकवून पडद्याच्या वरच्या कडेवर ठेवतो आणि तीन किंवा चार बोटांनी खेळतो. घामाने बोट अडकू नये म्हणून बोटाला कापडी टोपडी मिळतात. ती नसली तर अंगाला लावायची पावडर. आमच्या बहिणीच्या घरी पावडरचा डबा देवघराच्या जवळून हलून मोबाइलच्या चार्जरजवळ गेला, तेव्हा मुलगा नीटनेटका राहू लागला म्हणून तिला आठवडाभर आनंद झाला होता.

जायरोस्कोपचं प्रकरण मात्र एसटीत पाहावं. यात फोन कलता केला की नेम कलतो, म्हणजे बोटांवरचा अर्धा भार मनगटावर येतो. गोळीबारात बंदूक वर वर सरकते, तर हा पठ्ठ्या फोन हळूहळू पुढे झुकवत तिला खाली आणत असतो. शेजारच्या मावशींना वाटतं, मुलाला भोवळ येतेय. त्यातून खड्डा आला की समोरचा वाचतो. महाराष्ट्रातल्या रस्त्यांनी किती शत्रूंचे प्राण वाचवले आहेत, याचा हिशोब सार्वजनिक बांधकाम खात्याने कधी मांडलेला नाही.

नेमबाजीवर लिहिण्यासारखं फारसं नाही. ती सरावाने येते. सरावाचं मैदान खेळातच दिलंय. तिथे रोज थोडा वेळ एकाच बंदुकीने एकाच भिंतीवर गोळ्या मारायच्या आणि बोट खाली ओढत ठिपके एका जागी ठेवायचे. एकेएमची गोळी जास्त लागते पण ती हातात राहत नाही. एम४१६ ऐकणारी आहे. नवशिक्याने ऐकणारी घ्यावी. समोरासमोरच्या चकमकीची सवय हवी असेल तर टीम डेथमॅच आहे: चार विरुद्ध चार, ज्यांचे ४० आधी होतील ते जिंकले. मेलात तरी लगेच जिवंत होता, त्यामुळे भीड चेपते. आडोशामागून डोकं न काढता पलीकडचं बघणं, हे या खेळात कॅमेरा पाठीमागून असल्यामुळे जमतं. परदेशी लोक ते कौशल्य म्हणून शिकवतात. पडद्याआडून जिन्यात कोण आलं ते टिपणाऱ्या आपल्या शेजारच्या काकूंसारखं ते आहे, आपल्याकडे वेगळं शिकवावं लागत नाही.

माणूस बंदुकीने मरत नाही, बोलण्याने मरतो. हे मी भाच्याच्या स्क्वाडमध्ये पाहिलं आणि मग इतरांच्याही स्क्वाडमध्ये पाहिलं. चांगला नेम असलेले चौघे एकत्र आले की हमखास हरतात. मध्यम नेमाचे पण नीट बोलणारे चौघे वर जात राहतात. आणि नीट बोलणं ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट आहे. पुष्कळ बोलणं निराळं.

गोळी लागली की मराठी खेळाडूच्या तोंडून पहिला शब्द निघतो, “समोर!” चौघांची तोंडं चार दिशांना असतात. चार समोर होतात. मग खुलासा येतो: “अरे तिकडे, झाडामागे.” एरँगेल हा मुख्य नकाशा आठ किलोमीटर लांब आणि आठ किलोमीटर रुंद आहे, आणि त्यात झाडांची कमतरता नाही. “कुठलं झाड?” “ते नाही का, मोठं. मघाशी आपण गाडी लावली त्याच्या अलीकडे, पडकं घर आहे ना, त्याच्या डावीकडे, म्हणजे आपल्या डावीकडे नाही...” हे वाक्य पुरं होईपर्यंत सांगणारा गुडघ्यांवर आलेला असतो. पत्ता सांगण्याची ही आपली पिढीजात रीत आहे. पाहुणा स्टँडवर उतरून फोन करतो तेव्हा आपण त्याला गणपतीचं देऊळ, बंद पडलेली पिठाची गिरणी आणि आता तिथे नसलेलं वडाचं झाड सांगतो. पाहुणा विचारत विचारत पोचतो, कारण त्याच्यावर कुणी गोळ्या झाडत नसतं.

पडद्याच्या वरच्या बाजूला होकायंत्राची पट्टी असते. तिच्यावर अंश लिहिलेले असतात. शत्रूवर नेम ठेवायचा आणि मधला आकडा वाचायचा, एवढंच काम. “वन सिक्स्टी फायला एक आहे, दगडामागे.” संपलं. नाशिकची मुलगी एवढंच बोलते आणि पुढच्या क्षणी त्या दगडामागचा माणूस हिरवा होतो. भाच्याने आमच्यासाठी क्रम ठरवून दिलाय: आकडा, किती जण, कशाच्या आड, जवळ की लांब. विशेषणं नाहीत, आश्चर्य नाही, आईची आठवण नाही. हे पाठ करायला पाच मिनिटं लागतात. अंगवळणी पडायला मात्र माणसाला आपलं सगळं संभाषणकौशल्य बाजूला ठेवावं लागतं, आणि ते ज्याचं जितकं मोठं, तितका तो उशिरा सुधारतो. वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळवलेला एक मुलगा आमच्यात मध्यंतरी खेळून गेला. तो प्रस्तावनेतच जायचा.

यातही एक खोच आहे, ती बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आकडा सांगणाऱ्याच्या जागेवरून खरा असतो. मी त्याच्यापासून दोनशे मीटर दूर उभा असलो तर माझा वन सिक्स्टी फाय कुठल्या तरी निरुपद्रवी गवताकडे बोट दाखवतो. म्हणून चौघे जवळ असतील तर आकडा, पांगलेले असतील तर नकाशावर खूण. हे कळलेली टोळी आणि न कळलेली टोळी यांत दोन टियरचं, म्हणजे दर्जाच्या दोन पायऱ्यांचं, अंतर असतं.

दिशेनंतर तब्येत. शत्रूला दोन गोळ्या लागल्या की आपला माणूस आनंदाने ओरडतो, “अर्धा मेलाय! एक गोळी हवी फक्त!” खेळात प्रत्येकाच्या तब्येतीचे गुण १०० असतात आणि अंगातलं जॅकेट बऱ्याच गोळ्यांचा जोर खाऊन टाकतं. समोरच्याचे नेमके किती उरले ते आपल्याला दिसत नाही, त्यामुळे ‘अर्धा मेलाय’ हे निदान शंभर टक्के श्रद्धेवर चालतं. त्यावर विश्वास ठेवून इचलकरंजीकर धावतो. दगडाआडून एक धडधाकट, ताजातवाना, नुकतंच एनर्जी ड्रिंक प्यायलेला माणूस निघतो. पुढची दोन मिनिटं “तू म्हणालास अर्धा” आणि “मी लागल्या तेवढ्या सांगितल्या” यांत जातात. आता आमच्यात नियम आहे: लागल्या तेवढ्या गोळ्या सांगायच्या, निदान करायचं नाही.

सगळ्यात जास्त बोलतो तो मेलेला माणूस. जिवंतपणी ज्याने एक आकडा धड सांगितला नाही, त्याला मेल्यावर रणनीती सुचते. तिघे मेलेत, एकटी नाशिककर उरली आहे, समोर दोन शत्रू, खेळाचं सुरक्षित वर्तुळ आवळत चाललंय. अशा वेळी तिला पावलांचा आवाज ऐकायचा असतो, कारण या खेळात पावलं कुठल्या बाजूने येतात ते हेडफोनमध्ये स्वच्छ कळतं. आणि तिच्या कानात तीन सल्लागार बसलेले: “खिडकी बघ.” “खिडकी नको, जिना बघ.” “मी असतो तर स्मोक टाकला असता.” गंमत अशी की मेल्यावर आपल्याला दिसतो तो तिचाच पडदा. तिला दिसत नाही असं आपल्याला काहीही दिसत नसतं. म्हणजे या सल्ल्यात माहिती शून्य, आवाज तेवढा पूर्ण. एकदा तिने खेळता खेळता आम्हा तिघांनाही म्यूट केलं, दोघांना संपवलं आणि जिंकल्यावर झळकणाऱ्या ‘विनर विनर चिकन डिनर’च्या पाटीपाशी आम्हाला पुन्हा आवाज दिला. त्या दिवसापासून मेलेल्याने विचारल्याशिवाय बोलायचं नाही, असं ठरलं. आमच्या स्क्वाडची सर्वांत मोठी सुधारणा कुठली विचाराल तर हीच. हिला सराव लागला नाही, फोन बदलावा लागला नाही.

पावलांच्या आवाजावरून आठवलं. इचलकरंजीकराच्या घराशेजारी यंत्रमाग आहेत. त्याने माईक उघडला की चौघांच्या कानात खटखट सुरू होते आणि तीत शत्रूचं पाऊल शोधणं अशक्य. इतरांच्या घरी मिक्सर, कुकर, टीव्हीवरची मालिका. रात्री नऊच्या सुमाराला महाराष्ट्रातल्या कुठल्याही माईकमधून “ताट वाढलंय” ऐकू येतं, आणि त्याला मिळणारं “आई, ऑनलाइन गेम थांबवता येत नाही” हे उत्तर कुठल्याही आईला अजून पटलेलं नाही. बोलायचं तेव्हाच माईक उघडायचा, हा एवढा उपाय आहे. तो कुणी करत नाही. विनोद ऐकवायला माईक उघडा लागतो ना.

पुढारीपणाचं सांगायलाच हवं. विमान बेटावरून जात असतं आणि नकाशावर चौघांच्या चार खुणा उमटतात: एकाची पोचिंकीवर, एकाची जॉर्जोपोलवर, एकाची शाळेवर, आणि माझी जिथे कुणीच उतरत नाही तिथे. खेळवाल्यांनी यावर ‘फॉलो’चं बटण दिलंय, ते दाबलं की पुढाऱ्यामागे आपोआप उडी पडते आणि चौघे एका जागी उतरतात. आपल्याकडे फॉलो दाबतात सगळे, पण अर्ध्या आकाशात कुणाला तरी आपल्या गुणांची जाणीव होते आणि तो आणखी एकाला घेऊन सुटून स्वतंत्र उतरतो. खाली दोन-दोनचे दोन गट. एक गट मरतो, दुसरा ‘आम्ही म्हणत होतो’ असं म्हणत मरतो. पुढाऱ्याचा निर्णय चुकीचा असला तरी चौघांनी मिळून तो चुकीचा निर्णय पाळला, तर बचाव होण्याची शक्यता बरीच असते. चार अचूक निर्णय चार दिशांना गेले तर काही शक्यता नसते. हे खेळापुरतंच म्हणतोय.

लूट हा दुसरा घातक प्रकार. घरात शिरावं, बंदूक, जॅकेट, हेल्मेट, औषधं घ्यावीत आणि निघावं. पण आपल्याकडे ‘असू दे, लागेल’ हे रक्तात आहे. आठपट दुर्बीण सापडते, ती लागणारी बंदूक नसते, तरी घेतली जाते. चार प्रकारच्या गोळ्या, त्यांतल्या तीन आपल्या बंदुकीच्या नसलेल्या. पिशवी फुगते, आणि ज्याच्या धुरामुळे लढाईत जीव वाचतो तो स्मोक ग्रेनेड ‘जागा नाही’ म्हणून जमिनीवर राहतो. एवढ्यात निळी भिंत येते. ती दर थोड्या वेळाने आत सरकते आणि तिच्या बाहेरचा माणूस आपोआप खंगत जातो. सुधारलेली टोळी वर्तुळ दिसताच निघते आणि चांगली जागा धरून बसते; न सुधारलेली एका घरात तिसऱ्यांदा कपाट शोधत बसते आणि मग उघड्या माळावरून धावते. औषधांबद्दल एक लक्षात ठेवा: बँडेज आणि फर्स्ट एड किटने तब्येत ७५ च्या वर जात नाही, पुढचं बहुतेक वेळा एनर्जी ड्रिंक आणि पेनकिलरवर चालतं. आयटीत काम करणाऱ्यांना हे समजवावं लागत नाही.

हरल्यावर पहिला आरोपी इंटरनेट. “नेट गेलं”, “लॅग झाला”, “मी गोळ्या मारल्या, लागल्याच नाहीत”. पडद्याच्या कोपऱ्यात पिंगचा आकडा दिसत असतो. तो हिरवा, शांत, निर्दोष असतो. त्याच्याकडे कुणी बघत नाही. आपण कसे मेलो हे शत्रूच्या बाजूने दाखवणारी सोय खेळात आहे. ती बघितली की कळतं, आपण ज्याला आडोसा समजत होतो त्याच्या बाहेर आपलं अर्धं शरीर होतं. ही सोय सुधारणेची सर्वांत स्वस्त वाट आहे आणि म्हणूनच सर्वांत ओस. स्वतःचा मृत्यू दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायला कुणाला आवडतं? त्यापेक्षा राउटर बंद करून चालू करणं सोपं.

टियरवर मात्र जाऊ नका. ब्राँझपासून एसपर्यंत आणि त्याच्याही वर पायऱ्या आहेत; शेवटचा कॉन्करर, तो पहिल्या ५०० जणांनाच मिळतो. पण टिकून राहिल्याचेही गुण मिळतात, त्यामुळे न सुधारता वर जाण्याची सोय आहे. माणसं न्हाणीघरात दार लावून बसतात. गवतात पालथी पडून राहतात. त्यांना ‘स्नेक’ म्हणतात, आणि असा एक साप चारही जणांना संपवू शकतो हे खरं असलं तरी तो सुधारला असं मी म्हणणार नाही. स्पर्धांचा हिशोब बरा. तिथे १६ टोळ्या असतात, पहिल्या टोळीला १० गुण, दुसरीला ६, मग उतरत उतरत आठवीला १, आणि प्रत्येक फिनिशला १. म्हणजे कुणालाही न मारता दुसरं आलेल्या टोळीला ६ आणि आठवी येऊन आठ जणांना संपवणाऱ्या टोळीला ९. लपून बसणाऱ्याची तिथे किंमत कळते.

२०२३ च्या हांगझोऊ आशियाई खेळांत याच खेळाची पदकासाठी वेगळी आवृत्ती होती. तिच्यात टोळ्यांनी एकमेकांवर गोळ्या झाडायच्या नव्हत्या. गाड्यांनी मार्ग कापायचा आणि वाटेत निशाणे टिपायचे. मी हे मोठ्या कौतुकाने भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, “मामा, ही तर एनसीसी झाली.”

पालकांसाठी एक ओळ: १८ वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे आणि खेळण्यासाठी पालकांची संमती लागते. मुलगा अचानक तुमच्या फोनवर आलेला ओटीपी प्रेमाने विचारू लागला, तर तो कशाचा आहे ते वाचून मग सांगा.

बाकी, इचलकरंजीकराची परीक्षा आहे, त्यामुळे आमच्याकडे एक जागा रिकामी आहे. नेम कसाही चालेल. होकायंत्र वाचता यावं, मेल्यावर गप्प बसता यावं आणि घराशेजारी यंत्रमाग नसावेत. रात्री दहानंतर खेळतो. या, पण जेवून या.